पेढे वाटले, आणि सोमवारी क्रमवारी घसरली

स. न. वि. वि.

मी सांगलीजवळच्या एका सहकारी बँकेत नोकरी करते. मुलगा १८ वर्षांचा आहे, यंदा बारावी कॉमर्स. दीड वर्षापासून आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा खेळतो. त्याचं मानांकन बाराशेच्या आसपास आहे. मागे तो एम १५ नावाच्या, अगदी खालच्या पायरीच्या एका स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, तेव्हा आम्ही शेजारीपाजारी पेढे वाटले. नंतरच्या यादीत पाहिलं तर तो साठ जागांनी खाली! विचारलं तर म्हणतो, "आई, गेल्या वर्षी याच आठवड्यात सेमीफायनल खेळलो होतो, ते पॉइंट गळले." वर सांगतो की जोकोविच विम्बल्डन जिंकला तेव्हा तोसुद्धा असाच खाली गेला होता. मला हे काही पटत नाही. आता परीक्षा झाल्यावर दोन महिने ट्युनिशियाला जायचं म्हणतो. खर्च साडेचार लाख. यजमान म्हणतात, विट्याचा प्लॉट काढून टाकू. मुलगा आमच्यापासून काही लपवतो आहे का? आणि प्लॉट विकावा का?
— एक आई

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते. मुलगा खोटं बोलत नाही. जोकोविचचंही खरं आहे. मी पंचवीसेक वर्षं टेनिस स्पर्धांच्या टेबलावर बसलो, ड्रॉ काढले, पात्रता फेरीच्या सह्या घेतल्या. "जिंकून आलो तरी खाली कसा?" हा प्रश्न दर मोसमात एखादे तरी आईवडील विचारायचेच.

एक शब्द आधी सुधारून घेऊ. तुम्ही लिहिलंय ते मानांकन नव्हे, क्रमवारी. दर सोमवारी जी जागतिक यादी लागते ती क्रमवारी. एखाद्या स्पर्धेपुरते पहिले आठ किंवा ३२ खेळाडू ड्रॉमध्ये वेगवेगळे पेरतात, म्हणजे तगडे खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकांना भिडू नयेत, ते मानांकन. तुमचा मुलगा एखाद्या एम १५मध्ये चौथा मानांकित असेल आणि क्रमवारीत बाराशेवा, दोन्ही एकाच दिवशी. आपल्या वर्तमानपत्रांतही ही गल्लत सर्रास होते, तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

आता गुण गळणं. तुम्ही बँकेत आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. प्रत्येक स्पर्धेतले गुण म्हणजे ५२ आठवड्यांची मुदत ठेव. फरक एवढाच की मुदत संपली की व्याज तर नाहीच, मुद्दलही जातं. गेल्या वर्षी त्याने एम १५ची उपांत्य फेरी गाठली, त्याचे ४ गुण. ते बरोबर वर्षाने खात्यातून गेले. यंदा त्याच सुमारास उपांत्यपूर्व फेरी, त्याचे २ गुण. आले २, गेले ४. शेजाऱ्यांनी पेढा खाल्ला तो त्या दोनचा, यादीत दिसलं ते वजा दोन.

दोन गुणांनी साठ जागा कशा जातात, तर इतक्या खाली गर्दीच तशी असते. पाच, सात, दहा गुणांवर शेकडो पोरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात. पहिल्या दहांत दोन गुणांनी केसही हलत नाही. बाराशेत दोन गुण म्हणजे अख्खी गल्ली ओलांडून जाणं, वर किंवा खाली.

जोकोविचचं प्रकरण जरा निराळं, पण ते सांगितल्याशिवाय हा कारभार कोणाच्या हातात आहे ते कळणार नाही. पुरुषांच्या टेनिसला एक मालक नाही. क्रमवारी आणि वर्षभराचा मुख्य दौरा चालवते एटीपी. ती १९७२मध्ये खेळाडूंनीच संघटना म्हणून काढली आणि २३ ऑगस्ट १९७३ला संगणकावर काढलेली पहिली क्रमवारी तिनेच लावली. पहिला अव्वल खेळाडू रुमानियाचा इली नास्तासे. तोवर स्पर्धेत कोणाला घ्यायचं हे बरंचसं आयोजकांच्या आणि देशोदेशींच्या संघटनांच्या मर्जीवर असायचं. तुमचा मुलगा खेळतो त्या एम १५ आणि एम २५ स्पर्धा मात्र आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या. आणि चार ग्रँडस्लॅम (विम्बल्डन त्यातलंच एक) ही चार वेगळी संस्थानं, आपापल्या तोऱ्यात. गुण मात्र सगळीकडचे एटीपीच्या एकाच वहीत जमा होतात.

२०२२मध्ये विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना मज्जाव केला. एटीपीचं म्हणणं, आमच्या वहीचे गुण हवेत तर क्रमवारीवर पात्र ठरलेल्या कोणाला बाहेर ठेवता येणार नाही. आणि त्यांनी त्या वर्षीच्या विम्बल्डनचे गुणच काढून घेतले. जोकोविचने करंडक उचलला, बक्षिसाची रक्कम घेतली, गुण मिळाले शून्य. २०२१च्या विजेतेपदाचे २००० गुण मात्र मुदतीप्रमाणे गेले, आणि सोमवारी तो तिसऱ्यावरून सातव्यावर. पोराने उदाहरण अगदी नेमकं काढलं आहे. वकिली करेल तर चालेल त्याची.

आता जिना. स्पर्धेच्या नावातला आकडा बहुतेक वेळा विजेत्याला मिळणारे गुण सांगतो. एम १५ जिंकली की १५, एम २५ जिंकली की २५. त्यावर एटीपीच्या चॅलेंजर स्पर्धा ५०पासून १७५पर्यंत. मग टीव्हीवर दिसणारा दौरा : २५०, ५००, मास्टर्स १०००. सगळ्यात वर ग्रँडस्लॅम, २०००. वरच्या आठ जणांची वर्षअखेरची स्पर्धा वेगळी. ती २०२१पासून इटलीतल्या तुरीनमध्ये होते आणि तिच्यासाठी जानेवारीपासून शून्यावरून मोजणारी दुसरी यादी चालते. टीव्हीवर 'रेस' म्हणतात ती हीच. तुम्हाला तिचं सध्या काही काम नाही.

काम आहे ते पुढच्या गोष्टीचं, आणि ही मुलं सांगत नाहीत, कारण त्यांनाही ती उशिरा उमगते. वर्षभरातल्या सगळ्याच स्पर्धांचे गुण मोजत नाहीत, फक्त सर्वोत्तम ठरावीक निकाल मोजतात. २०२५च्या नियमात हा आकडा १९ होता. आता बेरीज करा. एखाद्याने वर्षभर दर आठवड्याला एम १५ जिंकली, एकही सामना न हरता, तरी मोजले जाणार १९ गुणिले १५, म्हणजे २८५. तेवढ्यावर क्रमवारीत दोनशेच्या आसपास पोचता येतं. ग्रँडस्लॅमच्या पात्रता फेरीचं दार कसंबसं उघडतं, मुख्य फेरीचं नाहीच. मुख्य फेरीत १२८ जागा : १०४ थेट क्रमवारीवर, १६ पात्रता फेरीतून, ८ वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांच्या मर्जीने. एम १५ हा जिन्याखालचा व्हरांडा आहे. तिथे चपला काढायच्या, मुक्काम ठोकायचा नाही.

म्हणून ट्युनिशियाचा बेत ऐकून माझ्या मनात दोन्ही बाजू येतात. बेत मूर्खपणाचा नाही. तिथल्या मोनास्तिर गावात जवळजवळ वर्षभर, आठवड्यामागून आठवडे, एम १५ स्पर्धा हार्ड कोर्टवर चालतात. एकदाच विमानाचं तिकीट काढायचं, खोली बदलायची नाही, हरलात तर तिथेच सराव करून पुढच्या सोमवारी परत कोर्टवर. आपल्याकडेही एम १५ आणि एम २५ होतात, पण अशा सलग नव्हेत. जगभरची पोरं याच हिशेबाने तिथे येतात. अडचणही तीच. गुण सोपे नसतात, कारण सगळेच गुण वेचायला आलेले.

पैशाचं बोलू. एम १५चं एकूण बक्षीस १५,००० डॉलर. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६. आठ आठवडे पोरगं दर वेळी पहिल्याच फेरीत हरलं तर सगळे मिळून लाखभर रुपये, तेही कर कापायच्या आधी. दर आठवड्याला एकेक सामना जिंकलं तर २५८ डॉलरच्या हिशेबाने पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर. म्हणजे बऱ्यापैकी खेळूनही साडेचारातले अडीच-तीन लाख तुमचे गेलेच. आणि हे त्याला मुख्य फेरीत जागा मिळाली असं धरून. पात्रता फेरीत अडकला तर तेवढंही नाही.

या विहिरीला पाणी फार वर लागतं. विम्बल्डनमध्ये २०२५ला नुसत्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ६६,००० पौंड मिळाले. एटीपीने २०२४पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली, तीही पहिल्या अडीचशेपुरती. सुरुवातीच्या, २०२४च्या आकड्यांत १७६ ते २५०मधल्याला ७५,००० डॉलर, पहिल्या शंभरातल्याला ३ लाख. अडीचशेच्या खाली घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या.

हे अंगावर येत नसेल तर सुमित नागलचं ऐका. सप्टेंबर २०२३. तो भारताचा एक नंबरचा एकेरी खेळाडू, जगात पहिल्या दोनशेत. इंडियन ऑइलचा पगार, महा टेनिस फाउंडेशनची मदत. तरी त्याने पीटीआयला सांगितलं की खात्यात ९०० युरो उरले आहेत. वर्षाचा खर्च एक कोटीच्या घरात. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तो पात्रता फेरीतून आत शिरला आणि ३१व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला त्याने हरवलं. ग्रँडस्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा १९८९मधल्या रमेश कृष्णनांनंतरचा पहिला भारतीय. त्या एका विजयाने १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर पक्के झाले. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरात, जुलैत ६८वा. आणि पुढच्या वर्षी? ठेवींची मुदत संपली, तेवढी नवी कमाई झाली नाही, शंभराबाहेर. खेळाडू तोच, फोरहँड तोच.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर यजमान म्हणतील हा माणूस नुसता घाबरवतो. फेब्रुवारी २०२४मध्ये बालेवाडीला चॅलेंजर १०० झाली. मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशरोने ती जिंकली, शंभर गुण. घरोघर त्याचं नाव झालं असं मुळीच नाही. ऑक्टोबर २०२५ला तो २०४वा होता. शांघायच्या मास्टर्समध्ये मुख्य फेरी सोडा, पात्रता फेरीतही त्याचं नाव राखीव यादीत होतं, कोणी गळालं म्हणून जागा मिळाली. तिथून तो उपांत्य फेरीत जोकोविचला आणि अंतिम फेरीत स्वतःच्या मावसभावाला हरवून विजेता झाला. एका पंधरवड्यात २०४वरून ४०वर. इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने मास्टर्स १००० जिंकण्याची ती पहिलीच वेळ. अर्थात त्या हजार गुणांवरही मुदतीचा शिक्का आहेच.

या वाशरोबद्दलची जी गोष्ट तुमच्या कामाची, ती बातम्यांत कोपऱ्यात आली. तो आणि अंतिम फेरीत हरलेला त्याचा भाऊ आर्थर रिंडरक्नेश, दोघंही अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळलेले. आपला सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ला अमेरिकी विद्यापीठांचा एकेरीचा विजेता झाला, आणि नंतर ६२व्या क्रमांकापर्यंत गेला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये खेळला. त्याने २०२४मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपीचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. एक काळ असा होता की कॉलेजला गेला म्हणजे टेनिस सोडलं असं आम्हीच म्हणायचो. ते मत मी केव्हाच मागे घेतलं आहे. चार वर्षं प्रशिक्षक, जिम, फिजिओ, दर आठवड्याला सामने, वर पदवी. तिथल्या आघाडीच्या खेळाडूंना आता थेट चॅलेंजरमध्ये जागा देण्याची योजनाही आहे, म्हणजे व्हरांडा ओलांडून वरच्या पायरीवरच पाय.

बारावीत असताना बाराशेच्या आसपास क्रमवारी असणं ही तिथल्या प्रशिक्षकांच्या दृष्टीने चांगली पत आहे. शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही, पूर्ण मिळेल असं तर नाहीच, पण दार ठोठावण्याजोगा तो नक्की आहे. मात्र इथे ट्युनिशिया आडवा येतो. बारावीनंतर वर्षभर नुसत्या स्पर्धा खेळत राहिला, किंवा बक्षिसाचे पैसे एका मर्यादेपलीकडे घेतले, तर विद्यापीठाकडून खेळण्याची पात्रता कमी होऊ शकते. हे नियम अलीकडे भराभर बदलताहेत, म्हणून प्रशिक्षकाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. ज्या विद्यापीठाशी बोलणी चालतील त्यांच्या कंप्लायन्स (नियमपालन बघणाऱ्या) कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घ्या. कर्जाच्या फायलीला जेवढे कागद लावता, तेवढेच इथेही लावायचे.

तर प्लॉट. विकू नका. कोणाच्याही बाराशेव्या क्रमांकावर जमीन विकू नये असं माझं मत आहे, आणि त्यात तुमच्या मुलाच्या कुवतीबद्दल काहीच म्हणणं नाही. साडेचार लाखांनी फार तर दोन महिने निघतील, आणि त्या दोन महिन्यांची कमाई वर्षाने पुन्हा राखायची वेळ येईल. तेव्हा कुठला प्लॉट काढणार?

मोनास्तिरला पाठवा, पण आठ आठवडे नको, चार. साठवणीतले पैसे, ठरलेली रक्कम, परतीचं तिकीट आधी. एकेरीबरोबर दुहेरीही खेळू दे. दुहेरीची क्रमवारी वेगळी असते आणि आपल्या लोकांना ती मानवते. रोहन बोपण्णा जानेवारी २०२४मध्ये दुहेरीत जगात पहिला झाला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. एकेरी सोमवारी-मंगळवारी संपली तरी दुहेरीमुळे पोरगं आठवडाभर कोर्टवर राहतं.

परत आल्यावर क्रमवारी विचारू नका. चार आठवड्यांत मुख्य फेरीतले किती सामने जिंकला ते विचारा. आणि आपल्यापेक्षा दोनशे-तीनशे जागा वरच्या पोरांशी खेळताना सेट कसे गेले, ६-१ की ७-५, ते विचारा. क्रमवारी तुम्हाला गेलं वर्ष सांगते. ते आकडे येतं वर्ष सांगतील.

एक नकोशी गोष्टही जाण्याआधी त्याच्या कानावर घाला. या पातळीवरच्या सामन्यांवरही जगभर सट्टा लागतो. कोणी तरी इन्स्टाग्रामवर गोड बोलून लिहील, की पहिला सेट सोड, दोन हजार डॉलर देतो. म्हणजे स्पर्धा जिंकून मिळतील जवळजवळ तेवढेच. नाही म्हणणं पुरत नाही, टेनिसच्या सचोटी यंत्रणेला कळवावं लागतं. न कळवणं हाही गुन्हाच धरतात आणि बंदी येते. हरल्यावर सट्टेबाजांच्या शिव्याही येतील, त्या वाचायच्या नाहीत एवढंच.

आणि एक काम तुमच्यासाठी, कारण ते तुम्ही त्याच्यापेक्षा चांगलं कराल. एका वहीत त्याचे गेल्या ५२ आठवड्यांतले गुण मांडा : कुठल्या सोमवारी किती आले आणि पुढच्या वर्षी कुठल्या सोमवारी जाणार. मुदत ठेवींचं रजिस्टर असतं तसंच. मग यादी घसरेल तेव्हा ते तुम्हाला पंधरा दिवस आधीच ठाऊक असेल आणि घरात कोणी कोणाकडे संशयाने बघणार नाही. ती वही झाली की तिचा फोटो मला पाठवा. मोनास्तिरचे नेमके कोणते चार आठवडे घ्यायचे, ते त्या तारखा बघून सांगतो.